घरचं दूध आणि तालमीतलं पोर

कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात पोराला तालमीत ठेवायचं ठरलं की वस्ताद उंची-वजन नंतर बघतो. आधी बापाला विचारतो, "दूध घरचं हाय का?" गोठ्यात म्हैस असेल तर पुढची बोलणी होतात. नसेल तर वस्ताद जरा थांबतो, कारण आठ-दहा वर्षं दूध विकत घेऊन पैलवान उभा करणं किती घरांना झेपलं आणि किती घरांना नाही, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

घरचं दूध म्हणजे फुकटचं दूध, असा समज घरोघरी पक्का आहे. खिशातून नोट जात नाही, म्हणून तो खर्च कुणी धरत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला दिवसाला 2 लिटर दूध लागतं असं धरा. गावच्या दूध संस्थेत म्हशीच्या दुधाला फॅट बघून लिटरमागे 55 रुपये मिळत असतील, तर दहा दिवसांच्या बिलात 1100 रुपये कमी येतात, महिन्याला 3300. शिवाय दिवाळीला संस्था जो फरक वाटते तो वर्षभर घातलेल्या लिटरवर मिळतो, म्हणजे न घातलेल्या दुधावर तोही बुडतो. त्या फरकातून घरात कपडे येतात, बियाणं येतं, सोसायटीचा हप्ता जातो.

म्हैस बारमाही दूध देत नाही. एका वेतात नऊ-दहा महिने दूध देते, मग भाकड जाते. पुन्हा व्यायला जितका उशीर, तितके दिवस गोठ्यात खाणारं तोंड आहे आणि चरवी कोरडी. पैलवानाच्या घरात म्हणून दोन म्हशी लागतात, त्याही अशा की एक आटत आली की दुसरी व्यालेली असावी. हे गणित हुकलं की नेमकं जत्रेच्या हंगामात दूध विकत घ्यायची पाळी येते. दुसरी म्हैस घ्यायची म्हणजे लाखाच्या घरातली गोष्ट. पुष्कळ घरांत ती बायकोच्या अंगावरच्या दागिन्यांतून येते.

सगळा खुराक विकतचा धरला तर महिन्याचा आकडा बघण्यासारखा आहे. दूध 60 लिटर, 70 रुपयांनी 4200. बदाम रोज 100 ग्रॅम म्हणजे महिन्याला 3 किलो, त्याचे अडीच हजार. तूप 2 किलो, 1400. रोजची 6 अंडी, साधारण 1250. आठवड्याला एक किलो मटण, महिन्याचे 3000. फळं दीड हजार. मेसचे साडेतीन हजार. भाव गावागणिक हलतात, पण बेरीज साडेसतरा हजारांच्या आसपास येते, वर्षाची दोन लाखांवर. एकरी चाळीस टन ऊस निघाला आणि टनाला तीन हजार मिळाले तरी हाती सव्वा लाखही येत नाहीत, आणि त्यातून लागवड, खत, पाणीपट्टी वजा व्हायची असते. दोन एकरवाला शेतकरी पोराला तालमीत ठेवतो, तेव्हा तो शेतीतलं जवळपास सगळं एका देहात ओतत असतो.

तुपाकडे जरा जवळून बघायला हवं. म्हशीच्या दुधात साधारण 7 टक्के फॅट धरली, तर एक किलो तूप काढायला 15 ते 18 लिटर दुधाची साय लागते. साय रोज काढायची, विरजायची, चौथ्या-पाचव्या दिवशी घुसळायची, लोणी तीन पाण्यांनी धुऊन मंद आचेवर कढवायचं. लोण्यात ताकाचा अंश राहिला तर तूप चार आठवड्यांत खवट होतं. आच मोठी झाली तर बेरी करपते आणि सगळ्या तुपाला जळका वास लागतो, मग पोरगा तो डबा उघडून तसाच ठेवून देतो. महिन्याच्या दोन किलोंसाठी घरातल्या 30-35 लिटर दुधाची साय जाते. उरतं ते साय काढलेलं दूध. त्याचा चहा होतो आणि ताक सगळ्यांना पुरतं, पण भाकरीवर तुपाची धार पडायची ती तालमीतल्या भाकरीवर. धाकटी बहीण त्याच वयाची असते, तिचीही हाडं त्याच वर्षांत भरायची असतात. तिच्या पेल्यातलं दूध कधी कमी झालं याची नोंद कुणी ठेवत नाही. बापानं म्हैस विकली, बापानं शेत गहाण टाकलं हे सगळा गाव सांगतो. आईनं आणि बहिणीनं किती वर्षं कोरडी भाकरी खाल्ली हे कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या व्यवहारातला सर्वांत मोठा वाटा तोच आहे.

तालीम जवळ असेल तर दूध रोज जातं. करवीर, पन्हाळा, कागलच्या गावांतून पहाटेच्या एसटीनं किटली पाठवायची रीत जुनी आहे. त्यालाही हात बसावा लागतो. दूध रात्री तापवून पूर्ण गार करून मगच किटलीत भरायचं. कोमट असताना झाकण घट्ट लावलं तर उन्हाळ्यात कोल्हापूर येईपर्यंत नासतं. किटली गळ्यापर्यंत भरायची. अर्धी राहिली तर तासाभराच्या रस्त्यानं आतल्या आत घुसळते, झाकणाला लोण्याचे कण चिकटतात आणि पोराला मिळतं पातळ दूध. झाकणाखाली स्वच्छ फडक्याची पट्टी घालायची. किटली परत आली की त्याच दिवशी राख नाहीतर सोड्यानं घासून उन्हात पालथी घालायची. काठाच्या घडीत जुनं दूध राहिलं तर उद्याची किटली हमखास फाटते. दूरच्या पोराला हे जमत नाही. त्याच्यासाठी महिन्याकाठी तूप, शेंगदाण्याचे लाडू, नाचणीचं पीठ जातं आणि दूध शहरातच घेतलं जातं. कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावर आजही समोर म्हैस पिळून निरसं दूध देतात. ते दूध चांगलंच, पण न तापवलेल्या दुधाचे धोके असतात आणि वाढत्या पोराला ते रोज देऊ नये, या मताचा मी आहे.

थंडाईशिवाय तालमीचं पान हलत नाही. बदाम रात्री भिजत घालायचे, सकाळी सालं काढायची. खसखस, मगज, थोडी बडीशेप, चार मिरी, वेलची. कुंडीत घालून लाकडी दांड्यानं घोटत राहायचं, पाणी चमचा-चमचा टाकत. पाणी एकदम ओतलं की बदामाचे दाणे राहतात आणि फडक्यातून गाळताना अर्धा बदाम चोथ्यात जातो. घोटून दांड्याला तेलकट चकाकी आली, लगदा बोटांत रवाळ लागेनासा झाला की दूध घालून गाळायचं आणि खडीसाखर विरघळवायची. दोघांची थंडाई घोटायला पाऊण तास जातो. मिक्सरमध्ये दोन मिनिटांत होतं, फक्त पातं थांबवत-थांबवत फिरवावं, नाहीतर लगदा गरम होऊन तेल सुटतं.

आता जे आई-बाप बदामापायी कर्ज काढतात त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन एवढं करावं. 60 किलोच्या, दोन वेळ मेहनत करणाऱ्या पोराला दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम प्रथिनं पुरतात. म्हशीच्या 2 लिटर दुधात 75 ते 80 ग्रॅम येतात. 6 अंड्यांत 36 च्या आसपास. झाली गरज पुरी, अजून भाकरी, डाळ, उसळ, मटण मोजलेलंच नाही. 100 ग्रॅम बदाम म्हणजे सुमारे 80 नग, त्यात 21 ग्रॅम प्रथिनं, किंमत 80-90 रुपये. तेवढ्याच शेंगदाण्यांत 25 ग्रॅम, किंमत 15 रुपयांच्या आत. बदाम वाईट नाही, त्यात घेण्यासारखं बरंच आहे, पण दहा-पंधरा बदामांत ते मिळतं. बाकीचे 65 बदाम मानासाठी असतात. शेजारच्या खोलीतल्या पोराच्या बापानं तीन किलो आणले, म्हणून आपणही आणायचे. वस्तादांनी हे स्पष्ट सांगायला हवं. काही जण सांगतातही.

खुराकाचं हे माप आलं कुठून, तर खुल्या गटातून. महाराष्ट्र केसरीची लढत 86 ते 125 किलोच्या गटात होते. प्रत्येक बापाच्या डोळ्यांसमोर खांद्यावरची चांदीची गदा असते, आणि गदा मिळते ती वजनदार पैलवानाला. म्हणून पाच फूट चार इंच उंचीच्या, हलक्या हाडाच्या पोरालाही दोन लिटर दूध आणि वाटीभर तूप चालू होतं. पण महाराष्ट्राच्या मातीतून जगात गेलेले पैलवान बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 ला लंडनला फ्लायवेट गटात सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक घेऊन आले, म्हणजे 57 किलोच्या आतलं वजन. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं 2018 चं राष्ट्रकुल सुवर्ण 57 किलोत घेतलं आणि 2019 च्या जागतिक स्पर्धेतलं कांस्य 61 किलोत. पोराची हाडं, बापाची आणि मामांची उंची बघून सोळाव्या वर्षापर्यंत कळतं की हा 57 चा आहे का 97 चा. 57 च्या पोराला 97 चा खुराक घातला की चरबी चढते, आणि स्पर्धेआधी तीच उतरवायला पोरगा उपाशी राहतो.

वजन तोडण्याचा प्रकार आई-बापांपासून लपवला जातो, म्हणून सांगतो. स्पर्धेच्या आदल्या दोन दिवसांत पाणी बंद, अंगावर प्लॅस्टिकचा सूट नाहीतर रेनकोट, त्यावर स्वेटर, आणि उन्हात पळणं. अंगातलं पाणी जातं, तेवढं वजन काट्यावर कमी दिसतं. आता वजनं स्पर्धेच्या दिवशी सकाळीच होतात, त्यामुळे पाणी भरून काढायला वेळ राहत नाही. पोरगा पहिल्याच फेरीत गोळे येऊन बसतो, आणि लोक म्हणतात दमसास नाही. कधी निवड चाचणीच्या आधी पोरगा दोन दिवस घरी येतो, आई मायेनं पुरणपोळी घालते, आणि काट्यावर 300 ग्रॅम जास्त भरतं. जाण्यायेण्याचं भाडं, प्रवेश फी, वर्षाची मेहनत सगळं वाया. शाळकरी पोराला वजन तोडायला लावणारा वस्ताद असेल तर त्याला नाही म्हणावं. पोराला वरच्या गटात खेळू द्यावं, हरला तरी चालेल.

पैशाची आवक कुठून होते? जत्रेतून. दिवाळीनंतर मैदानं सुरू होतात, चैत्र-वैशाखात भर येते. लहान पोरांच्या कुस्त्या पूर्वी रेवड्यांवर लागायच्या, आता शंभर-दोनशे रुपयांवर लागतात. पोर तयार झालं की हजार, पाच हजार, नाव झालं की लाखातही. हलगी कडाडते, निकाली कुस्ती झाली की लोक वरून नोटा देतात, बापाचा ऊर भरून येतो. मात्र त्या इनामाला कागद नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, तिथं जत्रेतल्या कुस्त्या शून्य धरल्या जातात. लागतं ते मान्यताप्राप्त संघटनेच्या किंवा शालेय स्पर्धेचं प्रमाणपत्र, तेही क्रीडा विभागाकडून पडताळून घेतलेलं. आणि त्या स्पर्धा मॅटवर होतात, गुणांवर होतात. मातीत जोड धरून अर्धा तास झुंजणारा पोरगा मॅटवर पहिल्या तीस सेकंदांत पटाला, म्हणजे पाय धरून पाडायच्या डावाला, बळी पडतो आणि चार गुण गमावून बसतो. घराला आज पैसे देते ती माती, उद्या नोकरी देतं ते मॅट. इनामाच्या ओढीनं सगळा हंगाम मैदानं मारत राहिलेली पोरं पंचविशीत रिकाम्या फाइलसह घरी येतात.

म्हणून चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालच्या शालेय स्पर्धा सोडू नयेत. शाळेतलं नाव कापू नये. दहावी-बारावीला खेळाडूचे सवलतीचे गुण शाळेमार्फत वेळेत प्रस्ताव गेला तरच मिळतात, तारीख गेली की कुणी ऐकत नाही. जन्मदाखल्याला हात लावू नये. वय दोन वर्षं कमी दाखवून देतो म्हणणारी माणसं प्रत्येक तालुक्यात भेटतात, आणि पकडला गेल्यावर बंदी पोरावर येते. आठ ते चौदा वयात लष्कराच्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीच्या किंवा राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या जरूर द्याव्यात. तिथं राहणं, जेवण, शाळा, प्रशिक्षण यांचा भार घरावर पडत नाही. गावातला मान थोडा कमी होतो, कारण पोरगा जत्रेत दिसत नाही. तेवढं सोसावं.

घर खुराकाचा हिशेब पै-पैचा ठेवतं, दुखापतीचा मुळीच ठेवत नाही, आणि घरं बुडतात ती इथं. गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर खासगी दवाखान्यात शस्त्रक्रियेला लाख-दीड लाखाच्या पुढेच जातं. नंतर नऊ महिने ते वर्षभर फिजिओथेरपी. पैसे शस्त्रक्रियेत संपतात, फिजिओथेरपी दोन महिन्यांत बंद पडते, पोरगा चौथ्या महिन्यात लढतीला उतरतो आणि तोच गुडघा पुन्हा जातो. खुराकातून महिन्याला हजार रुपये काढून वेगळे ठेवावेत आणि पोराचं नाव आरोग्य विम्यात असावं, त्यात खेळातली दुखापत धरली आहे का हे वाचून घ्यावं. कानाचंही तसंच. कान सुजला की पहिल्या दोन-चार दिवसांत डॉक्टरकडून आतलं रक्त काढून दाब देऊन पट्टी बांधली तर कान वाचतो. पुढे ते घट्ट होतं आणि कान कायमचा मोडतो. मोडलेला कान पैलवानाची खूण म्हणून मिरवला जातो, पण त्याच्या ठणक्यानं पोराच्या रात्री जागून जातात. नायटा झाला तर दुकानातली स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावू नयेत, वरून बरं दिसतं आणि खाली पसरतं. लंगोट रोज धुऊन कडक उन्हात वाळवावा, दुसऱ्याचा टॉवेल घेऊ नये. आणि प्रोटीनचा डबा किंवा ताकदीचं इंजेक्शन कुणी आणून दिलं तर ते आधी डॉक्टरला दाखवावं. उत्तेजक चाचणीत सापडल्यावर "मला माहीत नव्हतं" हे उत्तर पुरत नाही, शरीरात जे सापडलं त्याला खेळाडू जबाबदार असतो.

मुलींच्या घरांचा खर्च आणखी वेगळा. जुन्या तालमींत मुलींना राहायची सोय नाही, म्हणून मुलगी शहरातल्या केंद्रात जाते तेव्हा बहुधा आई तिच्याबरोबर जाते. दहा बाय दहाची खोली भाड्यानं, एक गॅस, दोन माणसं. गावात बाप आणि धाकटी पोरं हातानं भाकऱ्या थापतात. पुढची सहा-सात वर्षं घर दोन चुलींवर चालतं. स्पर्धेला परगावी जायचं तर तिकिटं दोन. 2023 साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली, तेव्हापासून मुलींच्या आई-बापांनाही एक ठिकाण दिसायला लागलं. त्या आयांच्या बुडालेल्या मजुरीचा आकडा अजून कुणाच्या भाषणात आलेला नाही.

खाशाबांच्या हेलसिंकीच्या खर्चाला गावानं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून ते कर्ज फेडलं. म्हणजे तेव्हा ओझं आई-बापांच्या खांद्यावरून गावानं आणि गुरुजींनी वाटून घेतलं होतं. आज गाव हार घालायला येतं, फ्लेक्स लावतं. एका फ्लेक्सच्या पैशांत पोराचं पंधरा दिवसांचं दूध येतं. ग्रामपंचायतीनं, दूध संस्थेनं, साखर कारखान्यानं गावातल्या दोन पोरांचं दूध आणि विम्याचा हप्ता उचलला तर किती म्हशी दावणीला राहतील. काही कारखाने मल्लांना मानधन देतात, ते आणखी गावांत पोचायला हवं.

आणि पोरगा परत आला की काय करायचं हेही आधी ठरवून ठेवावं. वीस-बाविसाव्या वर्षी, गुडघ्यानं किंवा पैशानं, बहुतेकांची कुस्ती थांबते. घरात आलेला पैलवान मेहनत सोडतो पण भूक तीच राहते, आई जुन्या हातानं वाढत राहते, आणि दोन वर्षांत वजन वीस किलोंनी वाढतं, तिशीत रक्तदाब आणि साखर मागे लागते. खुराक चढवतात तसा उतरवावाही लागतो. तूप आणि थंडाई पहिल्याच महिन्यात बंद, दूध दोन लिटरवरून आठवड्याला पाव लिटरनं कमी करत अर्ध्या लिटरवर आणायचं, अंडी दोन. जोर-बैठका निम्म्या करायच्या, पण सोडायच्या नाहीत, आणि सकाळचं पळणं चालू ठेवायचं. उरलेलं दीड लिटर संस्थेत घालायच्या आधी वर्षभर घरातल्या पोरीच्या पेल्यात जाऊ द्यावं.